दोन चपट्यांचा न्याय

मराठीत मद्याच्या लहान बाटलीला ‘चपटी’ हे नाव ज्याने कोणी दिले, त्याने वस्तूच्या आकाराबरोबर तिचा हेतूही सांगून टाकला. बाटली चपटी असते ती शोभेसाठी नव्हे. ती खिशात मावावी, अंगाला चिकटून बसावी आणि वरून कोणाच्या नजरेस पडू नये, यासाठी. पोलादी, किंचित वक्र, कधी चामड्याने मढवलेली, कधी मालकाची आद्याक्षरे कोरलेली जी विलायती घडणीची चपटी ‘हिप फ्लास्क’ या नावाने आज भेटवस्तू म्हणून दिली-घेतली जाते, तिचाही हेतू हाच. एकाच कामासाठी जन्मलेल्या या दोघी सख्ख्या बहिणी. तरीही एकीचे मोल रसिकतेत होते आणि दुसरीचे पंचनाम्यात. चांगली पोलादी चपटी कशी निवडावी, याची चर्चा करणारे जाणकार हा भेद गृहीत धरूनच बोलू लागतात. आणि त्यांची निवड चुकते ती याच ठिकाणी.

हा भेद किती पोकळ आहे, हे बंगळुरूच्या बसवनगुडीसारख्या वस्तीच्या संदर्भात नीट कळते. १८९८ च्या प्लेगनंतर, दाटीच्या जुन्या पेठेबाहेर मोकळ्या हवेत वाढलेली ही वस्ती. महानंदीचे देऊळ, त्याच्या परिसरात कार्तिकातील शेवटच्या सोमवारी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची ‘कडलेकाई परिषे’ ही जत्रा, गांधी बझारातील फुलांचे ढीग, १९४३ पासूनचे विद्यार्थी भवन, ही तिची ओळख. डी. व्ही. गुंडप्पा यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव देऊन सार्वजनिक व्यवहारांच्या अभ्यासाची संस्था १९४५ मध्ये उभी केली ती याच भागात; बी. पी. वाडिया यांची विश्वसंस्कृती संस्थाही त्याच वर्षी येथेच सुरू झाली. ग्रंथ, व्याख्यान, संगीत आणि कॉफी यांच्यावर पोसलेली ही प्रतिष्ठा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. पुण्याच्या जुन्या पेठांत ती त्याने पाहिलेली आहे.

आणि याच शहरात मद्यनिर्मितीचाही मोठा इतिहास आहे. युनायटेड ब्रुअरीज या कंपनीची स्थापना १९१५ मधली. जगदाळे हे मराठी आडनाव लावणाऱ्या घराण्याने १९४८ मध्ये येथे ‘अमृत’ ही आसवनी काढली आणि २००४ मध्ये तिची सिंगल माल्ट व्हिस्की खुद्द स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात नेऊन बाजारात आणली. पब आणि बिअर यांच्यासाठी तर हे शहर देशभर ओळखले गेले. म्हणजे एका हाताला देवळाची घंटा आणि दुसऱ्या हाताला मद्याचा जागतिक व्यापार. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला सुशिक्षित गृहस्थ, मग तो बसवनगुडीतला असो वा सदाशिव पेठेतला, आपली बाटली दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवू शकत नाही आणि तिचा मोहही सोडू शकत नाही. पोलादी चपटीला गिऱ्हाईक मिळते ते या कोंडीत. ती कोंडी फोडत नाही, खिशात घालून हिंडण्याची सोय तेवढी करून देते.

पेय सोबत घेऊन हिंडणे ही कल्पना मात्र आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती पूर्वी फिरकीचा तांब्या असे. पितळेचा, आट्यांच्या झाकणाचा, वर कडी असलेला हा तांब्या बैलगाडीत कलंडला तरी पाणी सांडत नसे. तो हातात मिरवला जाई, बाकावर ठेवला जाई, आणि शेजारच्या प्रवाशाने मागितले तर ओंजळीत धार धरली जाई. त्या काळच्या विटाळाच्या कल्पनेने ही धार कित्येकांच्या ओंजळीपासून उंच आणि दूर ठेवली, हे विसरून त्या तांब्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह पाण्यावरच्या याच पहाऱ्याविरुद्ध होता. परंतु भांडे म्हणून त्या तांब्याची घडण ओतण्यासाठी होती, दुसऱ्याला देण्यासाठी होती. कानडीत त्याच्या भावंडाला ‘तंबिगे’ म्हणतात. दोन शब्दांचे नाते ऐकताक्षणी कळते. बंगळुरूच्या उपाहारगृहांत आजही एक कॉफी दोघांत वाटून घेण्यासाठी ‘बाय टू’ असे सांगितले जाते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ज्या शहराला अर्धा पेला कॉफी वाटून घेण्याचा संकोच वाटत नाही, तेथे भांड्याची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी: ते दुसऱ्यासमोर काढता येते काय, आणि त्यातून दुसऱ्याला ओतता येते काय?

ही कसोटी हाती घेऊन जाणकारांचे निकष एकेक तपासावेत. पहिला निकष धातूचा. चपटी सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या निष्कलंक पोलादाची असावी, असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. हे पोलाद गंजत नाही आणि तीव्र मद्याला आपली चव देत नाही. मुलामा दिलेला हलका धातू काही दिवसांत पोपडे धरतो. सांधे डाख लावून जोडलेले असतील तर त्या डाखात शिसे नाही याची खात्री कोणी देत नाही. जुन्या कथिलमिश्र धातूच्या चपट्यांतही शिसे असे. लिंबाचा रस, वाइन किंवा दुधाचे मद्य पोलादातही फार वेळ ठेवू नये, आणि तीव्र मद्यसुद्धा दोन-तीन दिवसांपलीकडे आत राहू देऊ नये. यातले काहीच मराठी स्वयंपाकघराला नवीन नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे येथे प्रत्येक आजीला ठाऊक होते. पण कळकण्याचे एक दुसरेही शास्त्र आहे, आणि ते जाणकारांच्या यादीत नसते. भांडे उत्तम असूनही, केवळ ते सतत झाकून ठेवावे लागते म्हणून माणसाचा व्यवहार आतून कळकू लागतो. या कळकण्यावर कल्हई नाही.

दुसरा निकष मापाचा. सहा औंसांची चपटी सर्वांत सोयीची, असे सर्वत्र सांगितले जाते. सहा औंस म्हणजे एकशेऐंशी मिलिलिटरच्या आसपास. म्हणजेच मद्याच्या दुकानात जिला ‘क्वार्टर’ म्हणून मागतात, नेमकी तेवढी. सद्गृहस्थाच्या पोलादी चपटीत आणि हमालाच्या काचेच्या चपटीत एका थेंबाचाही फरक नाही: तीस मिलिलिटरचे सहा लहान पेग. फरक आहे तो निराळ्या गोष्टीत. काचेची चपटी पारदर्शक असते. किती प्यायले आणि किती उरले, हे पिणाऱ्याला दिसते, त्याच्या बायकोला दिसते, शिपायालाही दिसते. तिच्या अंगावर लेबल असते आणि त्यावर मद्याची तीव्रता (देशातील बहुतेक व्हिस्की-रमच्या बाबतीत ४२.८ टक्के), किंमत, उत्पादकाचे नाव आणि कायद्याने सक्तीचा केलेला आरोग्याचा इशारा छापलेला असतो. नरसाळे लावून तेच मद्य पोलादी चपटीत ओतले की हे सारे लिखाण मागे कचऱ्याच्या टोपलीत पडते. तीव्रता गेली, किंमत गेली, इशारा गेला, अबकारी खात्याची खूण गेली; उरली ती मालकाची आद्याक्षरे. या कृतीला ‘सुसंस्कृत मद्यपान’ म्हटले जाते. वास्तविक ही एका सार्वजनिक दस्तऐवजाची खासगीत लावलेली विल्हेवाट आहे.

पोलादाच्या अपारदर्शकतेचा बळी इतर कोणी होण्याआधी मालक स्वतः होतो. काचेतली पातळी खोटे बोलत नाही. पोलादी चपटी मात्र हलवून पाहावी लागते, आणि हलवणाऱ्याला ऐकू येतो तो त्याला हवा तसा आवाज. चांगली चपटी निवडायची तर अंगावर मापाच्या खुणा असलेली किंवा एका बाजूस काचेची अरुंद खिडकी ठेवलेली निवडावी, हा सल्ला तज्ज्ञांच्या यादीत अग्रभागी असायला हवा होता. तो तेथे सहसा नसतो, कारण ही वस्तू विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मोजमाप नकोच आहे.

येथे ‘एकच प्याला’ची आठवण टाळता येत नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मराठी मनात दारूचे जे चित्र कोरले, ते प्याल्याचे आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील. अपमानाच्या घटकेला तळीराम त्याच्या हाती प्याला देतो आणि पुढचा सगळा विनाश त्या ‘एकच’ या शब्दातून उलगडत जातो. नाटकाचे शीर्षकच एका संख्येविषयीच्या खोट्या विश्वासाचे नाव आहे. पण गडकऱ्यांच्या काळाचा प्याला उघड्यावर होता. तळीरामाने तर ‘आर्यमदिरामंडळ’ नावाची संस्थाच काढली. हास्यास्पद, निर्लज्ज, पण चारचौघांत दिसणारी संस्था. सिंधूला आपल्या संसाराचा शत्रू कोण हे ठाऊक होते. पोलादी चपटीने गडकऱ्यांचे नाटक अवघड करून ठेवले असते. तिच्यात प्यालाही नाही आणि मंडळही नाही. सुधाकर कोर्टाच्या पायऱ्या चढतानाही प्यायलेला असू शकतो आणि प्रेक्षकांना तिसऱ्या अंकापर्यंत पत्ता लागणार नाही. तळीरामाची जागा खिशाने घेतली, एवढीच काय ती शंभर वर्षांतली प्रगती.

तिसरा निकष झाकणाचा आणि तोंडाचा. झाकण बिजागरीने चपटीला जोडलेले असावे म्हणजे हरवत नाही, आटे खोल असावेत म्हणजे गळत नाही, तोंड इतके रुंद असावे की आत पाणी फिरवून धुता यावे. सगळे रास्त. पण बहुतेक चपट्यांना पेला नसतो आणि मालकाने तोंड लावून प्यायचे असते, या गोष्टीकडे निवडणाऱ्याने दुर्लक्ष करू नये. ही उष्ट्याची तक्रार नव्हे. पेला नसलेले पेयपात्र हे एका माणसापुरते असते. त्यातून आग्रह होत नाही, नकार होत नाही, ‘पुरे’ म्हणणारे कोणी नसते. मद्यपानाच्या बाजूने आजवर जे काही चांगले बोलले गेले, ते मैफलीच्या, मैत्रीच्या, संभाषणाच्या नावाने बोलले गेले. तो युक्तिवाद क्षणभर मान्य केला तरी तो खिशातल्या चपटीला लागू पडत नाही. ती मैफलीचे साधन नसून मैफल चालू असताना तिच्यातून निसटण्याचे साधन आहे.

चौथा निकष वक्रतेचा: चपटी मांडीच्या किंवा छातीच्या बाकाला बसली पाहिजे, म्हणजे कोटाला फुगवटा दिसत नाही. येथे निकषाने आपला हेतू लपवण्याचे सोंगही सोडून दिले आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ही वस्तू प्रतिष्ठितांच्या अंगावर गेली ती याच गुणामुळे. मुंबईचा इतिहास निराळा नाही. येथे दारूबंदीचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये झाला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ती सर्वंकष झाली. १९५१ मध्ये बलसारा खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांच्यावरची बंदी रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे बंधने सैल होत गेली. मद्य पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो ही तरतूद मात्र महाराष्ट्रात राहिली, आणि ती किती जण पाळतात हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. ज्या कायद्याचे पालन कोणाकडूनच अपेक्षित नाही, तो हवे त्यालाच पकडण्यासाठी उरतो. आणि पकडला जातो तो कोण? ज्याची चपटी कोटाच्या वक्रतेत दडत नाही तो. ज्याच्या अंगावर कोटच नाही तो.

त्याच्या भांड्याचा इतिहासही या निवडीच्या चर्चेत आला पाहिजे. कर्नाटकात सारायी म्हणजे स्वस्त गावठी मद्य अनेक वर्षे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून विकले गेले. दाताने कोपरा फाडायचा आणि पिशवी तोंडात रिकामी करायची. झाकण नाही, आटे नाहीत. म्हणजे एकदा उघडल्यावर थोडे नंतरसाठी ठेवण्याचा पर्यायही नाही. १ जुलै २००७ पासून त्या राज्याने सारायीवर बंदी घातली. गरिबाला परवडणारे अधिकृत मद्य गेले आणि मे २००८ मध्ये बंगळुरूच्या परिसरात व लगतच्या तमिळनाडूत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. तेथेही बळींची संख्या शंभरावर गेली. नंतरच्या काळात कर्नाटकात नव्वद मिलिलिटरचे मद्य कागदी खोक्यांतून विकले जाऊ लागले, शाळकरी मुलांच्या फळांच्या रसाच्या खोक्यांसारखीच दिसणाऱ्या खोक्यांतून. गरिबाचे पेयपात्र कोणी निवडत नाही. ते त्याच्यासाठी अबकारी महसूल, कारखानदार आणि गुत्तेवाला मिळून निवडतात. ‘उत्तम चपटी कशी निवडावी’ या प्रश्नातला ‘निवडावी’ हा शब्द म्हणूनच एका वर्गाची मालमत्ता आहे.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर तज्ज्ञांच्या सगळ्या निकषांहून थोर आहे. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. परंतु निर्णय प्रत्यक्ष बायकांच्या हाती आला तो ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानाने. गावातले दुकान चालू राहावे म्हणणाऱ्यांनी उभ्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारायचा, बंद व्हावे म्हणणाऱ्यांनी आडव्या. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी बाटली आडवी केली की दुकानाला टाळे लागते. जी बाई नवऱ्याच्या हातातली बाटली हिसकावू शकत नव्हती, ती गुप्त मतदानाने गावाची बाटली आडवी करू लागली. पण या मतपत्रिकेवर पोलादी चपटीचे चित्र नाही. ती उभीही नसते आणि आडवीही नसते. ती खिशात असते. सुशिक्षित घरातल्या बाईला मत देण्यासाठी कोणतीही पेटी नाही, कारण तिच्या घरात ‘दारूचा प्रश्न’ अस्तित्वातच नाही असे सर्वांनी ठरवलेले आहे. चामड्याने मढवलेल्या त्या वस्तूला ती स्वतः वाढदिवसाला भेट म्हणून विकत आणते, तेव्हा या फसवणुकीचे वर्तुळ पूर्ण होते.

यावर दोन्हीकडून आक्षेप येतील. पहिला स्वातंत्र्यवाद्यांचा: सज्ञान माणसाने आपल्या पैशाने काय प्यावे आणि कशातून प्यावे, यात इतरांनी का पडावे? पडू नये, हेच बरोबर. पण मग त्या माणसानेही आपले स्वातंत्र्य टेबलावर काढून ठेवावे. जे स्वातंत्र्य शेजारी आल्याबरोबर मांडीखाली सरकते, त्याला स्वातंत्र्य न म्हणता सवलत म्हणावे. आणि सवलत ही नेहमी दुसऱ्या कोणाला तरी नाकारलेली असते. दुसरा आक्षेप बंदीवाद्यांचा: चपटी काचेची की पोलादी हा काथ्याकूट कशाला, दोन्ही मोडून टाकाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही असे स्पष्ट सांगितल्यानंतर या म्हणण्याला बळ आले आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली, हा अनुभव ताजा आहे. बंदीने बाटल्या फुटतात त्या दिसणाऱ्या. न दिसणाऱ्या चपट्यांचा खप वाढतो. ज्या समाजात खिशांचा शिवणकाम हाच नीतीचा मुख्य व्यवसाय झाला आहे, तेथे बंदीचा कायदा शिंप्याच्या पथ्यावर पडतो.

तेव्हा निवड करायचीच असेल तर तिचे निकष उलटे लावावेत. धातू निष्कलंक असावा, हे ठीक. पण माप लहान असावे आणि ते बाहेरून दिसावे. तोंड रुंद असावे, म्हणजे आत काय साचले आहे ते पाहता येईल. झाकणाचा पेला व्हावा आणि त्याच्यासोबत दुसराही एक पेला असावा, म्हणजे पिणाऱ्याला सोबतीची आणि साक्षीदाराची गरज पडेल. बूड सपाट असावे, म्हणजे ती चारचौघांत उभी राहील. आणि वक्रता मुळीच नसावी. या निकषांवर उतरणारी वस्तू शोधत जाणाऱ्याच्या लक्षात येईल की तिच्यात आणि फिरकीच्या तांब्यात फारसे अंतर उरलेले नाही. आणि जे भांडे सर्वांसमोर ठेवायचे, त्यात काय भरायचे याचा विचारही मग सर्वांसमोर करावा लागतो.

तोपर्यंत निदान एवढा तरी न्याय व्हावा: रस्त्याच्या कडेला काचेची चपटी घेऊन बसलेल्या माणसाकडे पाहून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याने आधी आपल्या कोटाच्या आतल्या खिशावरून हात फिरवून पाहावा. तेथे काही वक्र, थंड आणि गुळगुळीत हाताला लागले, तर आठी पुसावी. दोघांकडे असलेले माप एकच आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या चपटीत किती उरले आहे, हे मात्र कोणालाही दिसते.